अंगठी कशी घडते, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन अंगठ्यांच्या घडणावळीत फरक का पडतो

प्रश्न असा आहे: साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायची आहे. दोन दुकानांत जवळजवळ एकच डिझाइन आवडलं. मध्ये अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा, दोन्ही खांद्यांवर, म्हणजे हिऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीवर, बारीक हिऱ्यांची एकेक ओळ, १८ कॅरेट पिवळं सोनं, माप १४. एकीचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास, दुसरीचं साडेचार. दुसरीची घडणावळ ग्रॅममागे दीडपट आहे. हॉलमार्क दोन्हींवर आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? आणि मुळात अशी अंगठी बनते कशी?

आधी थेट उत्तर. जास्तीचे पैसे बहुतेक अशा जागांचे असतात ज्या अंगठी बोटात गेल्यावर दिसत नाहीत: पट्टीचा तळहाताकडचा भाग, हिऱ्याच्या पोटाखालची बैठक, हिरा धरून ठेवणाऱ्या काट्यांची मुळं आणि बारीक हिऱ्यांच्या मागची भोकं. अंगठी सगळ्या दागिन्यांत जास्त मार खाते. हार गळ्यात निवांत असतो, कानातलं कशावर आपटत नाही. अंगठी मात्र दाराची कडी, लोकलची दांडी, स्वयंपाकघरातला ओटा, गाडीचं स्टिअरिंग सगळ्यांना रोज घासते. म्हणून कारागिराचं काम वरून नाही, उलटून बघायचं असतं. मी सोनारकाम कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, हातावर शिकलो आणि पुढे मुंबईत सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यात जडावाच्या, म्हणजे खडे बसवायच्या, विभागात बरीच वर्षं काढली. हातघडणीची आणि ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली, दोन्ही कामं जवळून पाहिली आहेत, त्यामुळे दोन्हींबद्दल सांगतो.

सुरुवात धातूपासून. पाटल्या, बांगड्या, तोडे २२ कॅरेटमध्ये, म्हणजे ९१.६ टक्के सोन्यात छान होतात. पण हिऱ्याला धरून ठेवणारे जेमतेम एक मिलीमीटर जाडीचे काटे २२ कॅरेटमध्ये केले, तर स्वेटरमध्ये अडकूनसुद्धा उघडतात. म्हणून हिऱ्याची अंगठी १८ कॅरेटची. त्यात ७५ टक्के सोनं आणि बाकी चांदी, तांबं, थोडं जस्त. हिशेब साधा आहे: १० ग्रॅम शुद्ध सोन्यात ३.३३ ग्रॅम इतर धातू घातले की १३.३३ ग्रॅम १८ कॅरेट होतं. तांबं वाढवलं की रंग लालसर, चांदी वाढवली की फिका हिरवट. व्हाइट गोल्डमध्ये पॅलेडियम किंवा निकेल घालून पिवळेपणा मारतात. निकेलची काहींच्या कातडीला अ‍ॅलर्जी असते, तेव्हा पांढरी अंगठी घेणार असाल तर त्यात काय घातलंय हे दुकानदाराला जरूर विचारा.

हे शुद्ध सोनं कुठून येतं? बरंचसं जुन्या दागिन्यांतून. इथे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विटा या भागातल्या माणसांचं नाव घ्यायलाच हवं. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात गेलात तर गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, दुकानात मराठी ऐकू येते, ती या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेल्या लोकांची. जुन्या दागिन्यांचं सोनं साधारण तिप्पट चांदी-तांब्याबरोबर वितळवतात आणि पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात. मग ते दाणे नत्राम्लात, म्हणजे आमच्या भाषेत तेजाबात उकळतात. तेजाब चांदी आणि तांबं खाऊन टाकतं, सोन्याला हात लावत नाही. तळाशी उरतो तो विटकरी-तपकिरी चुरा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सोनं आहे यावर विश्वास बसत नाही. धुऊन, सवागी (म्हणजे टाकणखार) टाकून मुशीत वितळवलं की मग पिवळंधमक.

हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण असं की अंगठीचं आयुष्य इथूनच सुरू होतं. सोन्यात शिशाचा अगदी थोडा अंश राहिला तरी ते ठिसूळ होतं. पट्टी मिलमधून, म्हणजे दोन रुळांत दाबणाऱ्या यंत्रातून, काढताना कडेला भेगा पडतात, आणि भेग दिसलीच नाही तर ती पुढे काट्याच्या मुळाशी निघते. कारखान्यात ओतकामातून उरलेले देठ (ज्या वाटेने सोनं साच्यात शिरतं तिथे थिजलेलं सोनं) आणि तुकडे परत वितळवून वापरतात, त्यात गैर काही नाही. पण दरवेळी वितळवताना जस्त उडतं, मळ वाढतो. चांगला ओतारी प्रत्येक ओतीत निम्मं तरी ताजं सोनं घालतोच.

आता हातघडणीची वाट. यात सोनं मुशीत वितळवून लोखंडी साच्यात ओततात, त्याची लगड होते. लगड ठोकून, मिलच्या रुळांतून पुन्हापुन्हा काढून पट्टी पातळ करतात. दाबल्यावर सोनं कडक होत जातं, म्हणून मधूनमधून ताव द्यायचा: काळपट लाल होईपर्यंत तापवायचं, थंड करायचं, पुन्हा मिलमध्ये. ताव चुकवून घाई केली की पट्टी फाटते. रुळांतून दाबून आलेल्या सोन्याचे कण चेपून घट्ट बसलेले असतात, त्यात ओतीव सोन्यासारखी पोकळी राहत नाही. हातघडणीची साधी पट्टी वर्षानुवर्षं आकार सोडत नाही, त्याचं कारण हेच.

पट्टी किती लांब कापायची? आपल्याकडच्या मापाच्या नंबरात साधारण ४० मिळवले की आतला घेर मिलीमीटरमध्ये येतो. तुमचं माप १४, म्हणजे आतला घेर ५४ मिमी. त्यात पट्टीच्या जाडीची ३.१४ पट मिळवायची. जाडी १.८ मिमी असेल तर ५.६५ मिळवून लांबी ५९.६५ मिमी. नवा मुलगा हे मिळवायचं विसरतो आणि अंगठी पाच-सहा नंबर लहान होते. याच हिशेबाने वजनही काढता येतं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. ३ मिमी रुंद आणि १.८ मिमी जाड चपटी पट्टी १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात जवळपास ५ ग्रॅम भरते. तीच पट्टी १.१ मिमी जाडीची केली तर ३ ग्रॅमच्या आत. वरून पाहिलं तर रुंदी तीच, चमक तीच. २ ग्रॅम सोनं गायब झालं आणि समोरच्याला कळलंही नाही. तुमच्या दोन अंगठ्यांतला दीड ग्रॅमचा फरक अशाच ठिकाणी असणार: एक तर पट्टी तळाशी पातळ आहे, नाहीतर खांदे आतून कोरून पोकळ केले आहेत.

पट्टी वाकवून दोन्ही टोकं जुळवतात. हा सांधा असा जुळला पाहिजे की उजेडाकडे धरल्यावर आरपार रेघ दिसता कामा नये. बारीक करवतीचं पातं सांध्यातून एकदा फिरवलं की दोन्ही तोंडं समांतर होतात, दाबून पुन्हा भिडवायची. मग सवागीचं पाणी लावायचं आणि डाखाचा, म्हणजे सोन्याच्या आधी वितळून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान तुकडा सांध्यावर ठेवायचा. नवशिका इथे ज्योत थेट डाखावर धरतो. डाख वितळून गोळी होते आणि एका बाजूला चिकटून बसते. खरी पद्धत म्हणजे सगळी अंगठी सारखी तापवायची. सवागी आधी फुगून पांढरी होते, मग बसते आणि काचेसारखी पारदर्शक दिसू लागते. तेवढ्यात सांध्याच्या आतल्या बाजूला ज्योत न्यायची. डाख उष्णतेच्या मागे धावतो. एका क्षणात चकाकती रेघ सांध्यातून पलीकडे जाते. ती आरपार गेलेली डोळ्यांनी पाहिली की सांधा झाला असं समजायचं. मग पाण्यात विझवून पातळ गंधकाम्लात उजळायचं. अ‍ॅसिडमधून काढायला तांब्याचा चिमटा लागतो, लोखंडाचा चिमटा बुडवला तर अंगठीवर तांब्याचा थर चढतो.

डाखाबद्दल अजून थोडं, कारण ‘केडीएम’ हा शब्द लोक अजून वापरतात. पूर्वी २२ कॅरेटच्या दागिन्याला तांबं मिसळलेला हलक्या कसाचा डाख लावत. दागिना मोडायला गेला की सगळा मिळून कस उतरायचा. मग ९२ टक्के सोनं आणि ८ टक्के कॅडमियमचा डाख आला. तो कमी तापमानाला वितळतो आणि कस टिकवतो, म्हणून ‘केडीएम म्हणजे चांगलं सोनं’ असं घरोघरी पक्कं झालं. पण कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे डाखकाम करतानाच त्याची वाफ होते, आणि ती फुंकणीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जाते. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्हींना ते विष आहे. कोंदट माळ्यांवर बसून या धुरात काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. कॅडमियमचा डाख आता बंद आहे, जस्त किंवा इंडियम घातलेले डाख मिळतात, बरंच काम लेझर वेल्डिंगने होतं. कुणी कौतुकाने केडीएम सांगितलं तर भुलू नका.

तुमच्या दोन्ही अंगठ्या मात्र, डिझाइनवरून सांगतो, ओतीव आहेत. ओतीव म्हणजे हलकं काम असं मानू नका. आज जगभरातल्या हिऱ्याच्या बहुतेक अंगठ्या मेणाच्या साच्यातून ओतलेल्याच असतात, आणि चांगलं ओतकाम ही मोठी विद्या आहे.

डिझायनर संगणकावर अंगठी काढतो. प्रत्येक काट्याची जाडी, प्रत्येक भोकाचा व्यास तिथेच ठरतो. सोनं थिजताना आकसतं, रबर आणि मेणही थोडं आकसतं, त्यामुळे मूळ नमुना काही टक्के मोठा ठेवावा लागतो. थ्रीडी प्रिंटरवर मेणाचा किंवा रेझिनचा नमुना निघतो. एकच अंगठी करायची असेल तर तोच थेट ओततात. शेकड्याने करायच्या असतील तर चांदीत एक मूळ नग तयार करून, घासूनपुसून, तो रबरात दाबून तापवतात. रबर पक्कं झालं की सुरीने कापून नग बाहेर काढायचा, आत त्याची पोकळी राहते. त्यात वितळलेलं मेण भरलं की मेणाची अंगठी. हिचं वजन करूनच सोन्याचा अंदाज लागतो: १८ कॅरेट पिवळ्यासाठी मेणाच्या वजनाची साधारण १५ ते १६ पट.

या मेणाच्या अंगठ्या मेणाच्याच एका खोडाला डहाळ्यांसारख्या चिकटवतात, त्याला झाडच म्हणतात. झाड लोखंडी नळकांड्यात उभं करून त्यावर जिप्सम आणि सिलिकाचं प्लास्टर ओततात. प्लास्टर धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं, आणि पाणी घातल्यापासून जेमतेम ९-१० मिनिटांत कालवून, निर्वात करून, ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर ते घट्ट व्हायला लागतं. हवेचा एक बुडबुडा मेणाला चिकटून राहिला की तिथे सोन्याची गोळी उठते. काट्यांच्या मधोमध अशी गोळी आली तर ती कोरून काढताना काटाच जातो. नंतर रात्रभर भट्टी. तापमान हळूहळू ७३० अंशांच्या आसपास नेतात. मेण वितळून, जळून जातं आणि अंगठीच्या आकाराची पोकळी उरते. याच्या फार वर गेलं की प्लास्टरमधला जिप्सम फुटून गंधकाचा वायू सुटतो आणि तो सोन्यात भोकं पाडतो. भट्टीचं काम करणारा माणूस झोपाळू असून चालत नाही, आता निदान कंट्रोलर आहेत.

सकाळी नळकांडं ५००-६०० अंशांपर्यंत उतरवून त्यात सोनं ओततात, निर्वात यंत्राने खेचून किंवा गरगर फिरवून. ओतायला काही सेकंद लागतात, पण अंगठीचं बरंवाईट ठरतं ते सोनं कुठून शिरलं आणि कुठे शेवटी थिजलं यावर. सोनं थिजताना आकसतं, आणि आकसताना त्याला मागून भरपाई लागते. देठ जाड हवा आणि अंगठीच्या सगळ्यात जाड भागाला लावलेला हवा, म्हणजे तो शेवटी थिजतो आणि आतल्या सोन्याला पुरवठा करत राहतो. प्रत्यक्षात देठ बहुतेक वेळा पट्टीच्या तळाशी लावतात, कारण तिथून कापून कानस मारणं सोपं. पट्टी दणकट असेल तर हे चालून जातं. पण पट्टीच १.१ मिमी असेल, तर ती आधी थिजते, पुरवठा तुटतो आणि वरचं डोकं, जिथे हिरा बसायचा आहे तिथेच, सोनं आतून सच्छिद्र राहतं. म्हणजे हलकी अंगठी नुसती पातळ असते असं नाही. पातळ पट्टीमुळे तिचे काटेही कच्चे राहू शकतात. दीड ग्रॅमच्या फरकात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

ओतल्यावर नळकांडं पाण्यात टाकलं की प्लास्टर फुटून सुटतं, झाड बाहेर येतं. उरलेलं प्लास्टर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतात. काही ठिकाणी अजून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. ते कातडीतून थेट हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ज्या कारखान्यात याच्या टाकीजवळ माणूस हातमोज्यांशिवाय उभा दिसला, तिथल्या मालकाबद्दल माझं मत तिथेच ठरतं.

देठ कापून, कानस मारून, कागद घासून अंगठी साफ होते. आता एक टप्पा येतो जो स्वस्त कामात सरळ वगळतात: जडावाच्या आधीची पॉलिश. हिरा बसल्यावर त्याच्याखाली हात पोचत नाही. म्हणून बारीक जाळीतून, काट्यांच्या मधून सुती दोऱ्यांचा जुडगा पॉलिशचा मसाला लावून ओढतात. एकेका भोकातून दोरा ओवून पुढेमागे करायचा, फार कंटाळवाणं काम. पण अंगठी उलटी करून भिंगाखाली धरली की आतली जाळी बाहेरच्या इतकीच लखलखीत दिसली पाहिजे. आत करडा, खरबरीत पृष्ठभाग दिसला तर समजा, वेळ इथे वाचवलाय.

मग जडाव, माझं काम. मुंबईत या कामात बंगाली कारागिरांचा हात फार वरचा आहे आणि मी जे थोडंफार शिकलो ते त्यांच्या शेजारी बसून. अंगठी लाखेच्या काडीवर पक्की बसवायची, म्हणजे हात मोकळे. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा व्यासाला साधारण ५.१ ते ५.२ मिमी असतो. तो काट्यांवर नुसता टेकवून बघायचा, कुठे उंच राहतोय ते ठरवायचं. मग प्रत्येक काट्याच्या आतल्या बाजूला बारीक बरने, म्हणजे फिरत्या कोरणीने, खाच पाडायची. हिऱ्याच्या पोटाचा उतार साधारण ४१ अंशांचा असतो आणि खाचेचा खालचा ओठ त्याच उताराचा हवा, म्हणजे हिरा काट्यावर सपाट टेकतो. खाच काट्याच्या जाडीच्या एक तृतीयांश, फार तर निम्म्यापर्यंत. त्याहून खोल गेली की काटा तिथे कमकुवत होतो आणि वर्षभराने नेमका तिथेच तुटतो. सगळ्या खाचा एका पातळीवर हव्यात. एक जरी वरखाली झाली तरी हिरा तिरपा बसतो, आणि तिरपेपणा पांढऱ्या कागदासमोर अंगठी आडवी धरली की लगेच कळतो.

हिरा बसवताना ‘टक’ असा हलका आवाज येतो, तो आला की हिरा खाचेत गेला. मग समोरासमोरचे काटे थोडेथोडे दाबायचे. एक काटा पूर्ण दाबून मग दुसरा, असं कधीच करायचं नाही. असं केलं की हिरा सरकतो किंवा त्याच्या कडेचा टवका उडतो. हिरा जगातला सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ असला तरी फटका खाऊन फुटतो. शेवटी काट्याचं टोक गोल करायचं, जेणेकरून ते कपड्यात अडकणार नाही. चार काटे की सहा? सहा काट्यांची उंच बैठक न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने १८८६ मध्ये आणली, त्यामुळे हिऱ्याखालून उजेड खेळू लागला. रोज घालायची अंगठी असेल तर मी सहाच सांगतो, एक काटा गेला तरी पाच धरून ठेवतात. चार काट्यांत एक गेला की हिरा हरवायला उशीर लागत नाही.

खांद्यांवरच्या ओळीतले हिरे एक-सव्वा मिलीमीटरचे. सव्वा मिलीमीटरच्या आसपासचा हिरा एका सेंटचाही भरत नाही, शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट. हे बसवायचं काम दोन प्रकारे होतं. हाताने करायचं तर प्रत्येक हिऱ्यासाठी भोक पाडायचं, बैठक कापायची, कलमाने, म्हणजे टोकदार कोरणीने, शेजारचं सोनं उचलून त्याच्या बारीक गोळ्या हिऱ्याच्या कडेवर दाबायच्या आणि मग दोन्ही कडांना चकचकीत काप द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बसून दिवस जातो. दुसरा प्रकार म्हणजे मेणातच हिरे बसवून त्यांच्यासकट ओतायचं. हिरे भट्टीतला ताप सोसतात, प्लास्टरमध्ये बोरिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. यात मजुरी खूप वाचते आणि काळजीपूर्वक केलं तर काम टिकतंही. पण गोळ्यांना धार नसते, त्या मेणासारख्या गुळगुळीत दिसतात, कडेचा चकचकीत काप नसतो, कधी एखादा हिरा धुरकट होतो. असा हिरा पडला तर त्याच्या जागी दुसरा नीट बसवायला त्रासच होतो. तुमच्या दोन अंगठ्यांच्या घडणावळीत दीडपट फरक आहे तो बऱ्याच अंशी इथला असू शकतो. दोन्ही दुकानांत स्पष्ट विचारा: बारीक हिरे हाताने बसवलेत की मेणात?

हिऱ्याऐवजी रंगीत खडा घेणाऱ्यांसाठी एवढंच: माणिक आणि नीलम कठीणपणात ९ वर आहेत, अंगठीत बिनधास्त चालतात. पाचूत नैसर्गिक भेगा असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा गरम पाण्यात टाकला की तेल निघतं आणि भेगा दिसू लागतात. मोती आणि पोवळं तर फार मऊ, हवेतल्या धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात आणि ते त्यांना ओरखडतात. ग्रहांसाठी पोवळं, पुष्कराज घालणारे लोक खडा खालून उघडा, बोटाला टेकणारा मागतात. मागणी मान्य, पण उघड्या बैठकीत साबण साचतो, म्हणून महिन्यातून एकदा मऊ ब्रशने खालून साफ करा. अशा खड्यांना पूर्ण कडेने धरणारं कोंदणच बरं, काटे नकोत.

शेवटची पॉलिश. आधी खरबरीत मसाला, मग लाल रूज. इथे सोनं खरोखर झिजतं, आणि ते धुळीत, ब्रशमध्ये, कारागिराच्या पंच्यात जातं. म्हणूनच सोनाराच्या दुकानातला केरही फेकत नाहीत. झारेकरी तो विकत घेतात आणि धुऊन, गाळून त्यातून सोनं काढतात. झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्या झाडणारी माणसं पाहिली असतील तर ती हेच करत होती. मोठ्या कारखान्यांत आता धूळ ओढून घेणारी यंत्रं आहेत आणि कारागिरांचे हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत साठवतात. व्हाइट गोल्डच्या अंगठीवर पॉलिशनंतर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा अतिशय पातळ थर चढवतात. तो झिजतो, एक-दोन वर्षांनी पुन्हा चढवावा लागतो, आणि ही फसवणूक नाही. पण ऱ्होडियम बारीक छिद्रं आणि डाखाचे डाग झाकतं हेही खरं. त्या दृष्टीने पिवळी अंगठी घेताय ते बरं, तिच्यात लपवायला कमी जागा असते.

हॉलमार्कचं म्हणाल तर तो घ्याच. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. तुमच्या अंगठीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, त्रिकोण, १८के७५० आणि तो सहा खुणांचा क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की कस दिसतो. पण हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा दाखला आहे. पट्टी किती जाड, ओत सच्छिद्र आहे का, काटे नीट बसलेत का, हिरा कुठल्या दर्जाचा, यातलं काहीही तो सांगत नाही. हिऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे मधला अर्ध्या कॅरेटचा आणि बारीक मिळून ०.८ कॅरेट हिरे असतील तर त्यांचं वजन फक्त ०.१६ ग्रॅम. हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं जाऊ नये यासाठी हे लागतं.

आता दुकानात जाऊन काय करायचं ते सांगतो. दोन्ही दुकानांत दहापट भिंग आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मागा. चांगला दुकानदार दोन्ही देतो, आणि आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच. पट्टीची जाडी तळहाताच्या बाजूला, मधोमध मोजा. रोज घालायच्या अंगठीला मी दीड मिलीमीटरच्या खाली जात नाही, १.७-१.८ असेल तर उत्तम. १.१-१.२ निघाली तर ती अंगठी काही वर्षांत अंडाकृती होईल, आणि अंडाकृती झाली की खांद्यांवरचे हिरे सैल होऊन गळू लागतात. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलके टिचका, हिरा सैल असेल तर बारीक किणकिण ऐकू येते. कापसाचा बोळा काट्यांवरून फिरवा, तंतू अडकला तर काट्याचं टोक उचललेलं आहे. उलटी करून बारीक हिऱ्यांच्या मागची भोकं बघा: गोल, एकसारखी, स्वच्छ आहेत की वेडीवाकडी आणि प्लास्टरच्या करड्या अंशाने भरलेली.

माप पक्कं करूनच अंगठी घ्या. बोट सकाळी बारीक असतं, दुपारी उन्हात फुगतं, म्हणून माप संध्याकाळी, हात निवांत असताना घ्या, आणि रुंद पट्टीसाठी अर्धा-एक नंबर मोठं. खांद्यांवर हिऱ्यांची ओळ असल्यामुळे ही अंगठी नंतर एक, फार तर दोन नंबर लहानमोठी करता येईल. त्याहून जास्त वाकवली की बारीक हिऱ्यांच्या बैठकी उघडतात. मोठी करताना पट्टी तळाशी कापून त्यात त्याच कसाचा तुकडा घालतात. पट्टी ओढून लांबवणाऱ्याकडे जाऊ नका, त्याने ती आणखी पातळ होते.

तुमच्या वर्णनावरून साडेचार ग्रॅमची अंगठी मला बरी वाटते. पण वजनावर विसंबून न राहता तळाची जाडी मोजा. साडेचार ग्रॅमपैकी बरंचसं सोनं वरच्या सजावटीत गेलं असेल आणि तळ १.२ मिमीच असेल, तर जास्तीच्या घडणावळीला अर्थ नाही. तसं निघालं तर त्याच दुकानदाराला सांगा, संगणकावरचं डिझाइन तसंच ठेवून तळ १.७ करून नवीन ओतून द्या. फाइलमध्ये हा बदल काही मिनिटांचा असतो. ओतून, जडवून, पॉलिश होऊन, हॉलमार्कला जाऊन यायला दोन-तीन आठवडे धरा, म्हणजे साखरपुड्याची तारीख जवळ असेल तर आजच विचारलेलं बरं.